माझ्या पाटावर बसलेला पहिला नंबर

वडवणी,
रविवार, दुकान बंद ठेवून

सिदू,

मायना काय लिहावा या विचारात अर्धी सकाळ गेली. तू माझ्या बायकोचा, मोहिनीचा, मोठा भाऊ, म्हणजे तुला मान द्यायला हवा. पण बीडच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझाच पेपर बघून पास झालेल्या माणसाला साष्टांग नमस्कार लिहायला पेन तयार होत नाही. तेव्हा मान मनातल्या मनात धर. तुझी तब्येत कशी आहे? वहिनी कशा आहेत? तुझा गुडघा सायकलीमुळे गेला की जिन्यामुळे, यावर तुम्हा दोघांचं एकमत झालं का? इकडे सर्व खुशाल. मीही खुशाल, कमरेपासून खालचा भाग सोडून.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी हॅलो म्हणालो की तू हसायला लागतोस, हे एक. दुसरं असं की तुमच्या पालीहून, माझ्या सासुरवाडीहून, तुझ्याकडे एव्हाना दोन-तीन तऱ्हेच्या हकिगती पोचल्या असणार, आणि त्या सगळ्या बंकटकाकांच्या तोंडच्या असणार. (तुझ्या त्या शिरूर कासारच्या चुलत काकांबद्दल मला आदर आहे, पण हा माणूस बसमधून उतरला तरी अपघातातून वाचल्यासारखं सांगतो.) म्हणून खरं काय घडलं ते लेखी असावं. मोहिनी परत आली की नाही, हे तुला पहिल्या ओळीत हवं असणार. ते मी शेवटी सांगणार आहे. मी इतका घाट चढलो, तू निदान इतकं वाच.

सगळ्याचं मूळ तू. पुण्यात नवी सायकल घेतलीस आणि जुनी मला पाठवलीस. जुनी म्हणजे तुझ्या मते. इथे आठवडी बाजाराच्या दिवशी लोक खास ती बघायला माझ्या खताच्या दुकानात यायचे, आणि कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही हे बघून बाकीचं सामान कधी येणार म्हणून विचारायचे. मी त्यांना समजावून सांगायचो की ही अशीच असते. ते मान हलवायचे आणि तुझ्याविषयी काळजी व्यक्त करून जायचे. मोहिनीने मात्र दुसऱ्याच दिवशी तिचा उपयोग शोधून काढला आणि हँडलवर ओले टॉवेल वाळत घातले. मी बोललो. ती म्हणाली, मग तुम्ही चालवा. मी म्हणालो, चालवणारच आहे, घाट चढणार आहे. हे मी दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, तिथे चुकलं. ती आतून म्हणाली, "गिरणीत दळण टाकायला फटफटी लागती ह्यांना. घाट काय मी चढू?" (गिरणी आमच्या दारातून दिसते, हे गिऱ्हाइकांना माहीत होतं.) लोक हसले. युरिया घ्यायला आलेला माणूस तर न घेताच हसत गेला. मग मी जे बोलायला नको ते बोललो. मेंढरांच्या मागे चालणाऱ्या पालीकरांना सायकलीतलं काय कळणार, असं काहीतरी. माझे आजोबाही जन्मभर मेंढरांच्याच मागे चालले, हे त्या वेळी आठवलं नाही. मोहिनीने पिशवी भरली. दारात म्हणाली, "न्यायला आलात तर येईन. न्हाईतर बसा त्या सायकलीला कवटाळून." मी म्हणालो, पालीत पाऊल ठेवणार नाही. ती बसमध्ये बसली. हे दिवाळीनंतरचं.

मला वाटलं, आठ दिवसांत येईल. सिदू, संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारणीला मीच हळदीकुंकवाचं तबक शोधून देत होतो आणि मलाच ते सापडत नव्हतं. रोज खिचडी. एके दिवशी बदल म्हणून भाकरी केली, ती अजून खिडकीला टेकवून ठेवली आहे, वाऱ्याने पल्ला आपटत नाही. घरात कुणी माझी चेष्टा करत नव्हतं, आणि त्याच्याइतकी वाईट गोष्ट नाही, हे मी तुला स्पष्ट लिहितो. मला ती हवी होती. पण दुकानात सगळ्यांसमोर पाऊल ठेवणार नाही म्हणालेला माणूस बसमधून उतरून सासुरवाडीला जाणार तरी कसा?

अशात शर्यतीचं पत्रक हातात पडलं. बीडहून निघायचं, पाली गावातून जायचं आणि मांजरसुंब्याचा घाट चढून वर संपवायचं. हौशी लोकांना प्रवेश खुला. मी पत्रक दोनदा वाचलं. पालीत पाऊल ठेवणार नाही असं मी म्हणालो होतो, पण सायकलवरच्या माणसाचे पाय पेडलवर असतात. तुमच्या दारावरून वाऱ्यासारखं निघून जायचं, मोहिनीने दारातून बघायचं, आणि मग पुढचं तिने ठरवायचं, असा साधा बेत होता. बेत मी कुणालाही सांगितला नाही. फक्त पालीचं एक गिऱ्हाईक हरभऱ्यावरचं औषध न्यायला आलं होतं, त्याला शर्यतीचा दिवस, वेळ, आणि मी पहिला येणार आहे, एवढंच सांगितलं. तेही बोलण्याच्या ओघात. दोनदा.

आता इथे तुझ्या आईचा स्वभाव लक्षात घे. मामींना कुणी काही सांगितलं तर त्या ते खरं धरतात. जावई पहिले येणार म्हटल्यावर मामींनी एवढाच अर्थ घेतला की पहिला येईल तो जावई. आणि जावई दारावरून जाणार, मग तो शर्यतीत असो की रणगाड्यात, त्याला ओवाळल्याशिवाय आणि जेवू घातल्याशिवाय जाऊ द्यायचं कसं? पहाटेपासून पुरण शिजत होतं म्हणे. तुझे वडील धर्मराजमामा मेंढरं चारायला गंगथडीला, गोदावरीकाठी गेलेले, म्हणून मागे राहिलेली वीस-पंचवीस मेंढरं त्यासाठीच येऊन राहिलेल्या बंकटकाकांच्या ताब्यात होती. जावयाला रस्त्यावर थांबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडली. या बंकटकाकांनी मला जन्मात एकदाच पाहिलंय, लग्नात, तेही मुंडावळ्यांच्या मागून. आणि मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. या सगळ्याची मला काडीची कल्पना नव्हती.

बीडला सकाळी थंडी चांगली होती. तू पाठवलेली ती घट्ट चड्डी घातली, जिच्या आत गादी शिवलेली असते. आरशात बघितलं आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना काळा मोठा चष्मा. मैदानात बघतो तर सगळेच तसे. स्वतःच्या आईनेही ओळखलं नसतं. पुढच्या रांगेत लातूरकडचे एक डॉक्टर होते, माझ्याच उंचीचे, पण त्यांचं पोट आतल्या बाजूला होतं. शिट्टी झाली. बघायला लोक जमले होते, त्यामुळे पहिला किलोमीटर मी जीव तोडून मारला आणि काही क्षण खरोखरच पहिल्या दहात होतो. मग गाव संपलं, बघणारे संपले आणि माझा दमही संपला. एकेक जण मागून यायचा, मला "चलो चलो, छान" असं म्हणायचा आणि निघून जायचा. शेवटी मला छान म्हणायलाही कुणी उरलं नाही. मागे फक्त थकलेल्यांना उचलणारा टेम्पो राहिला. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून अगदी माझ्या वेगाने चालला होता. मधून मधून विचारायचा, "बसता का आता? जागा लई हाय." उत्तर देण्यासारखा श्वास नव्हता.

पाली आली. मी पाठ ताठ केली, मान वर केली, उजवीकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि उजवीकडे बघितलं. तुमच्या अंगणात पाट मांडलेला. भोवती रांगोळी. पाटावर मी बसलेलो.

म्हणजे तेच हेल्मेट, तोच चष्मा, तसलीच घट्ट चड्डी. हेल्मेटवर पांढरी टोपी चढवलेली, खांद्यावर नवा टॉवेल, मांडीवर नारळ, कपाळाचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर लावलेलं (मोतीबिंदू), आणि पुढ्यात पुरणपोळी, तूप, येळवणीची आमटी, कुरडई. ते लातूरचे डॉक्टर होते. सगळ्यांच्या किती तरी पुढे असलेला हा माणूस गावात शिरला तर बंकटकाकांनी मेंढरं आडवी घातली, तो थांबताच त्याचा दंड धरला आणि "चला पावणं" म्हणून आत आणला. (पावणा हाती लागताच काकांनी मेंढरं बाजूला घेतली, त्यामुळे बाकीचे सगळे सुखाने पुढे गेले.) डॉक्टरला वाटलं, आयोजकांनी ठेवलेला हा पालीचा अल्पोपहार असेल. ओवाळणी बघून त्याला इकडच्या लोकांचं कौतुकच वाटलं. त्याने घाई आहे, घाई आहे असं सांगून बघितलं. पण सासुरवाडीच्या पाटावर बसलेला माणूस नको म्हणाला तर तो लाजतोय असंच धरतात, हे तुला वेगळं सांगायला नको. मोहिनी वाढत होती. मी तिला बघितलं, तिने मला बघितलं. तिला या घोळातलं पहिल्यापासून सगळं दिसत होतं, उघड आहे. तिने डॉक्टरच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

मी काय करायला हवं होतं, सांग. आत जाऊन चष्मा काढून मी जावई आहे असं म्हणालो असतो, तर मामींचा पहिला आलेला जावई तिथेच संपला असता आणि त्याच्या जागी शेवटून पहिला उभा राहिला असता. मामी इतक्या आनंदात होत्या की शेजारच्या बायकांना हाताला धरधरून आणत होत्या. माझ्याच्याने झालं नाही. मी मुकाट्याने तुमच्या दारातल्या हापशावर गेलो, परक्यासारखा. पाणी घशात गेलं ते वाकडं आणि खोकल्याची जी ढास लागली ती थांबेना. तेवढ्यात मामी बाहेर आल्या. हातात पोळी, वर तूप. मी आवाज जाड करून नमस्कार केला. त्यांनी पोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा बाबा. सगळे म्होरं गेले, तू एकलाच मागं राह्यलास. आमचे जावई पयले आलेत, बसलेत बघ आत. जरा रागीट हायेत, पर माणूस चांगला. आमची पोरगी बी काय कमी न्हाई. म्हणती मी जायची न्हाई. आन् रोज सांच्याला दारात उभी राहून रस्त्याकडं बघती." मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तू बी कुणाचा तरी जावई असशील. जा, हळूहळू जा. तुझी बी कुणी वाट बघत असंल."

सिदू, मी पोळी खाल्ली. तुपाने चष्मा धूसर झाला असं मी टेम्पोवाल्याला सांगितलं. खरं म्हणजे मी रडलो. लिहिताना लाज वाटत नाही, त्या वेळीही वाटली नाही. रोज रस्त्याकडे बघते म्हणे! आणि मी इथे भाकरीने खिडकी अडवून मानापमान करत बसलो होतो.

त्यानंतर घाट. घाटाविषयी तू मला फोनवर बरंच ज्ञान दिलं होतंस, गियर कधी टाकायचा, श्वास कसा घ्यायचा. त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. पहिल्या वळणापर्यंत मी चढलो, दुसऱ्यापर्यंत नागमोडी चढलो, तिसऱ्याला सायकल थांबली आणि मी पडलो नाही एवढंच. तिथून हातात धरून चालवली. टेम्पो मागे होताच. ड्रायव्हरने आता विचारणं सोडलं होतं, तो मोबाइलवर बातम्या ऐकत होता. थोड्या वेळाने मागून ढेकर ऐकू आला. डॉक्टर! तेही सायकल हातात धरून चालत होते, टोपी-टॉवेलसकट. हँडलवर वाकलं की पुरण वर येतंय, म्हणाले. मग आम्ही दोघं जोडीने चाललो. काय गोड माणसं आहेत तुमच्याकडची, असं ते मला सांगत होते. त्या घरातली मुलगी तर उठूच देईना. ते म्हणाले, मी उठलो की ती रस्त्याकडे बघायची आणि पोळी वाढायची, आणि शेवटी हळूच म्हणाली, "थांबा की वाईच. एक जण मागं हाय आजून. त्याला जाऊ द्या म्होरं."

मी तिथेच थांबलो. डॉक्टरांना वाटलं, मला चक्कर आली. आली होती, पण वेगळी. ही बाई मला शेवटून पहिला येऊ देणार नव्हती, सिदू. सगळ्यांना अडवणं तिच्या हातात नव्हतं. जो एक हातात सापडला, त्याला तिने तूप घालघालून बसवून ठेवलं. मग मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, जावई कोण ते. ते इतके हसले की रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिले. त्यांना उठवेना आणि मी निघालो. वर पोचलो तेव्हा मंडप उतरवत होते, बक्षिसं वाटून झाली होती, पण नाव लिहून घेणारा माणूस अजून होता. त्याने माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली, बऱ्याच वेळाने, डॉक्टरांचं. मी शेवटचा आलो नाही. शेवटून दुसरा आलो.

उतारावर पाय मारावे लागत नाहीत, म्हणून मी थेट पालीत आलो. हापशावर हेल्मेट आणि चष्मा काढला, तोंड धुतलं आणि अंगणात दोन्ही पावलं ठेवली. चांगली दाबून ठेवली. मामी म्हणाल्या, आलात, दमला असाल. मोहिनी बाहेर आली. मी म्हणालो, न्यायला आलोय. ती म्हणाली, "कितवे आलात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंजे एकाला तरी मागं टाकलंत." तिची पिशवी दारामागे भरून ठेवलेलीच होती. (कुणी भरली, कधी भरली, हे मी विचारलं नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.) तर मोहिनी परत आली आहे. आत्ता आत कांदा चिरते आहे आणि भाकरी खिडकीतून काढू का म्हणून विचारते आहे.

थोरामोठ्यांना नमस्कार, तुझ्या धाकटीला पापा. तुला दोन्ही नाही.

तुझाच मेहुणा,
माऊली

ता. क. : तुझी सायकल सुखरूप आहे. मोहिनीची पिशवी, कुरडयांचा डबा आणि मामींनी दिलेला भोपळा सायकलीलाच मेंढराच्या दाव्याने बांधून आणावा लागला, त्यामुळे रंग थोडा गेला आहे. मागचं चाक फिरताना आता आवाज करतं, पण घंटी नसल्याने तो उपयोगीच पडतो.

आणखी ता. क. : खरं काम आता लिहितो. ते डॉक्टर डोळ्यांचे निघाले. नाकावरच्या कुंकवावरून त्यांनी मामींचा मोतीबिंदू तिथेच ओळखला होता. खाल्ल्या पोळीला जागून ऑपरेशन स्वतः करतो म्हणाले, आणि या पंधरवड्यात ते आहे. अडचण अशी की बंकटकाकांनी डॉक्टरांचा पाटावरचा फोटो मोबाइलवर काढून, बीडहून मोठा करून, काच लावून तुमच्या ओसरीत टांगला आहे आणि येईल त्याला जावई पहिले आले म्हणून दाखवतात. पट्टी सुटली की मामींना पहिलं तोंड दिसेल ते या फोटोतल्या माणसाचं, आणि शेजारी मी उभा असेन. तेव्हा रजा टाक, आदल्या दिवशी ये आणि कसंही करून तो फोटो उतरव. मामींना माझ्यामुळे वाईट वाटायला नको. तुझ्या पाया पडतो. (बघ, शेवटी मान दिलाच.)

दादा, पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी हे पत्र माझ्याकडं दिलंय, म्हणून माझ्याही दोन ओळी. फोटो उतरवायला येऊ नको, सहज आलास तर ये. आईला दिसत नाही, पण कान चांगले आहेत. ह्यांचा खोकला ती हापशावर पहिल्या ढाशीला ओळखून बाहेर गेली होती. डॉक्टर ताटावर बसलेला होता, आणि जेवत्या माणसाला ती कशी उठवणार? मी तिला विचारलं, जावई म्हणून हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, "जावई म्हणून सांगितलं आसतं तर ताठला आसता. परका म्हणून सांगितलं, तवा कुठं ऐकलं त्यानं." माझी पिशवीही तिनेच भरली. फोटो तिला माहीत आहे, राहू दे म्हणते, पावणा मन लावून जेवला होता.

मी रोज संध्याकाळी रस्त्याकडे बघत होते हे खोटं आहे. मी आपल्या शेळ्यांची वाट बघत होते, असं मी ह्यांना सांगितलंय आणि ह्यांनी ते मानलंय. आपल्या शेळ्या मागच्या ओढ्याकडून घरी येतात, हे तू ह्यांना सांगू नकोस.

– मोहिनी